विषय क्रमांक सात

मी इतिवृत्त लिहिते.
सव्वीस वर्षं झाली. विज्ञान महाविद्यालयाची सभा,
दर महिन्याचा दुसरा मंगळवार,
सस्कॅटूनमधली हीच खोली, हाच खडखडणारा रेडिएटर.
कोण काय बोललं ते नाही,
ठरलं तेवढंच लिहायचं, असा दंडक.
बहुतेक वेळा काही ठरत नाही. तेही लिहिते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एक खुर्ची आहे.
मत नाही. खुर्ची आहे.
दाराशी, कोटांच्या खुंट्यांखाली,
म्हणून तिथे बसणाऱ्याच्या मानेवर
प्राध्यापकांच्या बाह्यांतला बर्फ वितळून ठिबकत राहतो.
कितीजण बसून गेले त्या खुर्चीत.
एक सगळा वेळ पेशींचे फोटो मोजायचा.
एकीचं जेवण सभेच्या बिस्किटांवर व्हायचं,
मी ताटली मुद्दाम तिच्याकडे सरकवायचे.
एक जण एकदाच आला, मग अख्खं वर्ष
त्याच्या नावापुढे मी ‘अनुपस्थित’ लिहीत राहिले.

यंदा मार्लिस ह्रिंकिव. भूगर्भशास्त्र, चौथं वर्ष,
नखांत दगडाची भुकटी.
विषय क्रमांक सात, पाच मिनिटं,
तेही सहावा वेळेत आटोपला तर.
सहावा असतो वाहनतळ.
वाहनतळ कधीच वेळेत आटोपत नाही.

जानेवारी. बाहेर उणे अडतीस.
तिने कागद काढलाच नाही.
म्हणाली, एबो क्वान्साचे मार्गदर्शक
ऑगस्टमध्ये दुसऱ्या विद्यापीठात गेले.
प्रयोगशाळा ट्रकमध्ये भरली.
लेझर नेला, पंप नेले, कॉफीचं यंत्रही नेलं.
एबोला नेलं नाही.

कुणीतरी हसलं. मग थांबलं.

त्याचं वेतन त्यांच्या अनुदानातून यायचं, ते बंद.
विभाग म्हणतो महाविद्यालयाकडे जा,
महाविद्यालय म्हणतं विभागामार्फत या,
पदव्युत्तर कार्यालय म्हणतं
मार्गदर्शकाची सही आणा.
तो तळघरात झोपतो,
हीलियमच्या कॉम्प्रेसरला पाठ लावून.
तिथे ऊब असते.

अधिष्ठाता म्हणाले, बाब गंभीर आहे, उपसमिती नेमू.
उपसमित्या मला ठाऊक आहेत.
एकोणीस घोंगडी भिजत पडलीयत माझ्याच कपाटात,
दोरीने बांधून, वर्षवार.

तेव्हा मार्लिस वळली. अधिष्ठात्यांकडे नाही,
माझ्याकडे.
म्हणाली, आज रात्री तो कुठे झोपेल,
तेवढं लिहाल का?

सव्वीस वर्षांत या खोलीत
पहिल्यांदाच कुणी माझ्याशी बोललं होतं,
तापमान वाढवा, याखेरीज.

ठरलं तेवढंच लिहायचं.
मी लिहिलं:
‘विषय सात. एबो क्वान्सा
आज रात्री कुठे झोपणार, हे ठरलं नाही.’

आता एकदा न ठरलेलं कागदावर आलं
की पुढच्या सभेत ते सगळ्यांत आधी वाचावं लागतं,
वाहनतळाच्याही आधी. हाही दंडकच.
फेब्रुवारीत मी ते वाचलं. जरा सावकाश वाचलं.
रेडिएटरसुद्धा गप्प होता.
वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी चष्मा काढून
उगाच पुसला.
चार महिन्यांचं साहाय्य मंजूर झालं,
आठ विरुद्ध तीन.
मार्लिसचा हात अर्धवट वर गेला होता,
तिला मत नाही हे आठवून
तिने त्याच हाताने मानेवरचं पाणी पुसलं.

मी लिहिलं:
‘मेनंतर काय, हे ठरलं नाही.’

जानेवारीतल्या त्या रात्री तो कुठे झोपला
हे मला माहीत आहे.
मुलाची खोली रिकामीच असते,
सूप उरलेलं होतं, जास्त मीठ पडलेलं.
तो म्हणाला, छान आहे.
पण हे कुठल्या सभेत ठरलं नव्हतं,
म्हणून लिहिलेलं नाही.